बगळ्याच्या पंखावरचे मासे

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर अजून पुरते वाढले नव्हते म्हणतात. त्या काळी ढगांच्याही वर एक पठार होतं. सकाळी उठून कड्याशी गेलं, तर पायाखाली पांढरे ढग हळूहळू सरकताना दिसायचे, आणि पठार जणू त्यांच्यावर तरंगत चाललंय असं वाटायचं.

तिथली माणसं लाकडाची पाखरं करायची आणि उडवायची. हातात दोन काड्या धरायच्या. काडी डावीकडे झुकवली की आकाशातलं पाखरू डावीकडे वळे, मागे ओढली की वर चढे. मधे दोरा नाही, काही नाही. हे कसं काय, असं मला विचारू नका. मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

या पाखरांत सगळ्यात मानाचा म्हणजे झुंजार ससाणा. एकदा शत्रू कडा चढून वर आला होता, तेव्हा गावातल्या ससाण्यांनी वरून झेपा घेत त्याला पळवून लावलं होतं. तेव्हापासून दर वर्षी पिकं घरात आली की ससाण्यांचा उत्सव व्हायचा. बारीक पंख, लाल डोळे, आणि वेग असा की बघणाऱ्याची मान दुखावी. दिसायला राजबिंडा, पण स्वभावाने महातिरसट.

प्रत्येक घराचा ससाणा एकच. उडवणारा वारला, तर गाव तीन उत्सव वाट बघे. तिसऱ्या उत्सवालाही त्या घरातून कुणी पुढे आलं नाही, तर ससाण्याला कड्यावर न्यायचं आणि खालच्या ढगांत सोडून द्यायचं. ढगांत गेलेलं पाखरू पुन्हा कुणाला दिसत नसे.

सगुणा ही त्या गावातली घोंगड्या विणणारी. वय तिशीच्या पुढे. तिचे वडील गावातले सर्वांत नावाजलेले उडवणारे. त्यांचा ससाणा आभाळात शिरला की लोक हातातलं काम टाकून बाहेर यायचे. सगुणा लहानपणी म्हणायची, "बाबा, मला शिकवा ना." ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी." पुढची वर्षं येत राहिली, आणि एका वर्षी बाबाच राहिले नाहीत.

ससाणा घरात आढ्याला टांगलेला होता. सगुणाची आई रोज जेवताना एकदा वर बघायची. एके दिवशी म्हणाली, "सगुणा, ढगांत सोडतील गं त्याला. तुझ्या बाबांचा हात लागलेली एवढीच एक वस्तू राहिलीय घरात."

दुसऱ्या दिवशी सगुणा तात्यांकडे गेली. तात्या म्हणजे पाखरं घडवणारे म्हातारे सुतार. त्यांच्या ओट्यावर शिकायची तीन पाखरं ठेवलेली असत. पहिला बगळा, रुंद पंखांचा, पोट सुटलेला आणि अंगभर ठिगळं. दुसरा चंडोल, चपळ आणि नीटस. तिसरा लहान ससाणा, मोठ्याची हुबेहूब नक्कल.

"कुठलं नेतेस?" तात्यांनी विचारलं.

सगुणाने लहान ससाण्यावर हात ठेवला.

"आधी बगळा ने, पोरी."

"तात्या, बगळा शेंबडी पोरं उडवतात. मला ससाणाच उडवायचाय, मग ससाण्यावरच शिकते. आणि आमच्या घरात हात उपजतच असतो. बाबांचं पाखरू कधी पडलेलं पाहिलंत तुम्ही?"

तात्यांनी बगळ्याच्या पंखाकडे एकदा पाहिलं. लहान ससाणा त्यांनी तिच्या हातात दिला.

ससाणा उडाला खरा. सगुणाचं काळीज त्याच्याबरोबर वर गेलं. तो लांब गेला, वळला आणि तिच्याकडे येऊ लागला. तो जरा डावीकडे सरकावा म्हणून तिने काडी डावीकडे नेली, तर तो निघाला भलत्याच बाजूला. ती घाबरली. घाबरलं की माणूस हात मागे ओढतो, तसा तिने ओढला. ससाण्याने नाक वर केलं, त्याचा वेग मेला, एक पंख खाली गेला आणि तो दगडासारखा आदळला. वेचायला टोपली लागली.

तिने हट्ट सोडला नाही. तात्यांनी नवा करून दिला, तोही तसाच गेला. पहिला उत्सव निघून गेला. पाठोपाठ पावसाळा सरला, तिसरा लहान ससाणाही मोडला आणि दुसरा उत्सवही गेला. आई आता वर बघायचीही टाळू लागली होती. सगुणा तात्यांच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "द्या तो बगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तिच्याभोवती जमली आणि खिदळली. "सगुणामावशी बगळा उडवतेय!" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बगळा वर गेला आणि ती पोरांना विसरली. त्याला घाई म्हणून नव्हती. खाली ढग चालले होते, वर तो चालला होता, दोघांची चाल एकच. एकदा तो भलताच कलला. तिने काड्या घट्ट आवळल्या.

"काड्या सोडून दे," तात्या म्हणाले.

"पडेल तो!"

"सोड तर."

तिने सोडल्या. बगळा क्षणभर डुलला, मग आपला आपण सावरला आणि सरळ उडत राहिला. सगुणाला रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी सांभाळून घेतलं होतं.

"आता एक ऐक," तात्या म्हणाले. "पाखरू तुझ्याकडे येतं, तेव्हा त्याचं डावं तुझ्या उजव्या हाताला असतं. म्हणून जमिनीवर उभं राहून बघायचं नाही. डोळे त्याच्यावर ठेव आणि मनाने त्याच्या पाठीवर जाऊन बस."

ती जाऊन बसली. हे शिकायला दोन महिने लागले, पण पुढेपुढे तिला खरंच वाटायचं, की आपण वर आहोत आणि खाली कुणी एक बाई दोन काड्या धरून उभी आहे. घोंगडी विणतानासुद्धा तिचे खांदे हलकेच कलायचे.

बगळा पडायचाही. पण तो पडायचा हळू, आणि मोडायचा थोडासा. त्या गावची रीत होती, की जो पाडेल त्यानेच जोडायचं, आणि सांध्याशेजारी आपली खूण कोरायची. सगुणाने आपली खूण म्हणून विणकराचा धोटा कोरला. एका आठवड्यात चार धोटे झाले.

एके दिवशी मोठा पंखच निघाला. जोडण्यासाठी तो उलटा करून मांडीवर घेतला, तर आतल्या बाजूने जुन्या खुणांची दाटी होती. कुणाचा नांगर, कुणाचं पान, कुणाची चांदणी. आणि मधोमध एक मासा. शेजारी दुसरा मासा. ती मोजत गेली. अकरा.

मासा तिच्या ओळखीचा होता. घरातल्या ससाण्याच्या पोटावर तोच होता, बाबांनी मालकीची खूण म्हणून कोरलेला.

"तात्या," ती म्हणाली, "बाबा... अकरा वेळा?"

"अकरा या पंखावरचे. शेपटीवर बघितलं नाहीस अजून." तात्या हसले. "अगं, तुझा बाप माझ्या हाताखाली शिकलेल्यांत सगळ्यात जास्त पडला. तेव्हा मी दाढी राखली नव्हती आणि तू जन्मली नव्हतीस. लोकांना शेवटचा ससाणा तेवढा आठवतो."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुला ते अपमानासारखं वाटलं असतं."

सगुणाने माशांवरून बोट फिरवलं. बाबा तिला त्या दिवशी जितके जवळचे वाटले, तितके ते जिवंत असतानाही वाटले नव्हते. मग तिने अकराव्या माशाशेजारी आपला धोटा कोरला.

त्यानंतर चंडोल आला. तो आपणहून सावरत नसे, पण हात चुकला की लगेच डगमगून सांगे, आणि आता तिला ते समजत होतं. पावसाळा सरला, पिकं घरात आली, आणि तिसरा उत्सव उजाडला.

सगुणाने आढ्यावरून ससाणा उतरवला. आई कड्याशी येऊन बसली. सगुणाने काड्या धरल्या, आणि तीन वर्षांनी तो ससाणा आभाळात शिरला. गाव हातातलं काम टाकून बाहेर आलं. तो ढगांना चाटून गेला, उन्हात उलटा झाला, लाल डोळे रोखून सगळ्यांकडे झेपावला. पण सगुणा खाली नव्हतीच. ती त्याच्या पाठीवर होती.

मग उतरायची वेळ झाली, आणि नेमका त्याच वेळी कड्याकडून आडवा वारा सुटला. एक पंख खाली गेला. समोर जमीन, डावीकडे ढग. आईने डोळे मिटले. सगुणाच्या हातांना मागे ओढावंसं वाटलं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. पण या हातांनी बगळा शंभर वेळा उतरवला होता. तिने वेग मरू दिला नाही. तो तिच्याकडे तोंड करून येत होता, म्हणून खाली गेलेल्या पंखाच्याच बाजूला काडी नेऊन त्याला टेकू दिला, पंख उचलला गेला, आणि ससाणा गवतावरून घासत येऊन तिच्या पायांशी थांबला.

आईने डोळे उघडले आणि ससाण्याला मांडीवर घेतलं. "अगदी त्यांच्यासारखा उतरवलास गं," ती म्हणाली.

"त्यांनी जिथे शिकून घेतलं, तिथेच शिकले, आई," सगुणा म्हणाली.

त्या संध्याकाळी ती तात्यांकडे गेली आणि बगळा मागून आणला. कड्याशी उभं राहून तिने तो शांतपणे उडवला, आणि या वेळी त्याच्याकडे बघून कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षापासून उत्सवात सगळ्यांत आधी बगळा उडू लागला, खुणांनी भरलेला पंख उन्हात धरून, आणि ससाणे त्याची वाट बघत खाली थांबू लागले.

तात्पर्य : ज्याला शेवटी ससाणा उडवायचा आहे, त्याने आधी बगळ्याकडून पडायला शिकण्याची लाज धरू नये.