घोड्याचं पान

२४ नोव्हेंबर २०१९, रविवार. पहाटे दाट दव. आठनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

"मग मी कशात करू, तेवढं सांगा," दिगंबर म्हणाला.

साबाजीबाबा पोथीचं बासन सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. चित्रांची पानं उभी करून कथा सांगणारी जी थोडी घरं कुडाळच्या बाजूला उरली आहेत, त्यांतलं हे एक. दिगंबर लहानपणी याच पडवीत रेषा ओढायला शिकला. आता पुण्यात असतो, शाळांसाठी वेबवरचे पाठ बनवतो. मी बाबांच्या साथीला टाळ धरतो, म्हणून तिथे होतो.

"कशात म्हणजे?"

"माझे साठ पाठ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मूल माउसने पृथ्वी फिरवतं, की रात्र पडते. बीला पाणी घालतं, की कोंब येतो. अकरा वर्षांचं काम आहे. पुढच्या वर्षाअखेर फ्लॅश बंद. एकही ब्राउझर ते उघडणार नाही."

"किती वरसांचो तुझो फ्लॅश?"

"वीस-बावीस."

"आणि म्हातारो झालो?" बाबा हसले. "माझ्या ढोपरांक सांगू नको हां."

दिगंबर हसला नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याला संस्थेला उत्तर द्यायचं होतं. वहीत तीन पर्याय होते. पहिला, सगळं ब्राउझरला मुळातच समजणाऱ्या भाषेत नव्याने लिहायचं. दुसरा, खेळ बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. तिसऱ्याखाली दोन रेघा होत्या. त्यात जुनी फाइल टाकली की नवी बाहेर येते, पाठ उघडावाही लागत नाही.

"मला हाच बरा वाटतो. साठही पाठ आठवड्यात होतील. त्यांत आता सुधारण्यासारखं काही नाही, बाबा."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"पुण्याक जाऊन लय शिकलंस," बाबा म्हणाले. "चल. आधी पान सोडूया."

पोथीतलं घोड्याचं पान विरलं होतं. राजाचा घोडा नदीत उतरतो, ते चित्र. या घराची रीत अशी, की विरलेलं पान आधी पाण्यात सोडायचं आणि मग नवं काढायचं. जुनं शेजारी ठेवून नवं कोणी काढत नाही.

आम्ही घरामागच्या ओढ्यावर, व्हाळावर गेलो. पाणी घोट्याएवढं होतं. बाबांनी पान ओंजळीत धरलं.

"थांबा!" दिगंबरने मोबाइल काढला. "फोटो घेतो. असं कोणी फेकतं का?"

बाबा थांबले. त्याने चार फोटो घेतले. एक घोड्याच्या डोळ्याचा, अगदी जवळून.

"झाला?"

"झालं."

बाबांनी पान सोडलं. आधी गेरू सुटला, मग काजळी. कागद दगडाला अडला, वळला, गेला...

पडवीत परतल्यावर बाबांनी हुडुक, कथेला वाजवायचा तो छोटा डमरू, पुढ्यात आडवा ठेवला.

"तुझो मोबाइल उभो कर ह्येका टेकून. घोडो दाखव."

दिगंबरने फोटो लावला. बाबांनी मला खूण केली. मी टाळ धरला आणि कथा सुरू झाली.

एकतीस वर्षं मी ही कथा ऐकतो आहे. बाबांचा आवाज आता बारीक झालाय. पण घोडा काठावर आला, तेव्हा मला ओल्या वाळूचा वास आला. हे मी जसं घडलं तसंच लिहितो आहे.

अर्ध्या मिनिटात मोबाइलचा पडदा विझला.

दिगंबरचा हात पुढे झाला. बाबा थांबले नाहीत. त्यांचं बोट काळ्या काचेवर टेकलं होतं, जिथे टाप होती नेमकं तिथे.

"हंय पाणी उडाला."

दिगंबरचा हात हवेत राहिला.

"हंय लगाम सुटलो."

हात खाली आला...

"तू सांग," बाबा म्हणाले. "पाणी खंयपर्यंत इला?"

दिगंबर काचेकडे बघत होता. त्याने बोट टेकवलं.

"ढोपरापर्यंत इला."

पुण्याहून आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला मालवणी शब्द.

"आणि घोडो खंय बघता?"

मी टाळ वाजवायचा थांबलो होतो, ते मला नंतर कळलं.

"मागे बघता," दिगंबर म्हणाला.

व्हाळात सोडलेल्या पानावर घोडा पुढे बघत होता. मी ते पान शेकडो वेळा पाहिलं होतं. फोटोंतही तो पुढेच बघत असणार.

"मागे कित्याक?"

"तेका..." दिगंबरचं बोट काचेवर डोळ्याच्या जागी सरकलं. "तेका पलीकडे जावचा नाय. कोणी इचारलाच नाय तेका."

बाबांनी दोन्ही हात जोडले. दिगंबरला की काळ्या काचेला, ते मी सांगू शकत नाही. मग उठून आत गेले, कोरा कागद आणि कुंचला घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवले.

त्याने मोबाइल पालथा घातला.

चार वाजून वीस मिनिटांनी पान पुरं झालं. घोडा मागे बघतो. पाणी ढोपरापर्यंत.

हात धुऊन दिगंबरने अंगणातूनच संस्थेच्या सरांना फोन लावला. "साठही पाठ पहिल्यापासून करतो. ब्राउझरच्या भाषेत... नाही सर, आठवड्यात नाही. तेरा महिने लागतील... हो, जुन्या फाइली न उघडता. बीच्या पाठापासून सुरुवात करतो. कोंब नेहमी सरळच का येतो, ते मी कधी बघितलंच नव्हतं." पलीकडून होकार आला. मग त्याने मोबाइलमधले चारही फोटो पुसून टाकले.

तो परत पायरीवर येऊन बसला.

"बाबा, पण तेरा महिने घालवून केलं, आणि वीस वर्षांनी हेही म्हातारं झालं तर?"

बाबा नवं पान उन्हात धरून वाळवत होते.

"व्हाळ हंयच आसा," ते म्हणाले.