कबरीचं वय

फार पूर्वी, रानाचा कारभार हत्तीमहाराज पाहत असताना, म्हाताऱ्या जनावरांना रोज कोवळ्या गवताची पेंढी द्यायचा हुकूम निघाला. कबरी शेळी उड्या मारतच कचेरीत गेली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमल्या तेवढ्याच. वाळलेलं गवत तिला आता चाववेना, त्यामुळे पोट रिकामंच राहायचं.

कारकून होते साळिंदरराव. "आ करा, आजी. वय दातांवरून मोजायचं, असा नियम आहे."

कबरीने आ केला. साळिंदररावांनी वाकून पाहिलं. "एकही दात नाही?"

"सगळे पडले, भाऊसाहेब. वय झालं ना!"

"वय झालं की नाही, ते दात ठरवणार. आधी दात घेऊन या."

तीन महिन्यांत कबरीने सात हेलपाटे घातले. आठव्या वेळी भुकेने गरगरायला लागलं, तेव्हा तिने भीत भीत विचारलं, "भाऊसाहेब, दात नसलेलं आणखी कोण असतं हो?"

साळिंदररावांनी पानं उलटली. "नुकतं जन्मलेलं करडू. त्याला रोज वाटीभर दूध. पुरावा लागत नाही."

"मग मला करडूच लिहा की!"

"अरे वा, हे नियमात बसतं!" साळिंदरराव खूश झाले आणि त्यांनी वय लिहिलं, दोन दिवस. दूध त्याच संध्याकाळी आलं.

आठवड्याभरात रानातली सगळी बोळकी तोंडं रांगेत उभी राहिली. वर्षाअखेर हत्तीमहाराजांनी वही पाहिली आणि आनंदाने सोंड उंचावली. "यंदा बाळंच बाळं! म्हातारं एकही नाही? मग ते गवत बंद करा."