गरीब दिसायची मुलाखत

बापूराव खर्डीकरांच्या ट्रस्टकडून गरजू मुलांना कॉलेजची फी मिळायची, पण त्यासाठी आधी बापूरावांसमोर गरीब दिसावं लागायचं. म्हणून त्या दिवशी चार पोरं बाहेरच्या बाकावर एकच विटका शर्ट आळीपाळीने चढवून आत जाऊन आली. चौघांचीही फी मंजूर झाली!

वनिता शेलार मात्र परीटघडीची साडी नेसून आत गेली. फी भरायला उद्याचाच दिवस उरला होता.

बापूरावांनी तिचा उत्पन्नाचा दाखला न बघताच बाजूला सारला. "एवढी कडक इस्त्री! तू कसली गं गरीब?"

शेजारी बसलेले दोघे सभासद लगेच हसले.

वनिताने राग गिळला. "साहेब, चौकातल्या लाँड्रीत इस्त्री मीच करते. तुमच्या अंगावरचा हा झब्बाही कालच माझ्या हाताखालून गेलाय. कडक इस्त्रीने माणूस श्रीमंत होत असता, तर अख्ख्या गावाला श्रीमंत करणारी मी इथे फी मागायला कशाला आले असते?"

सभासद पुन्हा हसले, पण आता तोंडावर रुमाल धरून.

बापूरावांनी अर्जावर सही केली, झब्ब्याची बाही चुरगळणार नाही इतक्या बेताने.