चौदा दिवसांची मुदत

एका गावात एक भोळा रंगनाथ होता. गावात होता तोवर त्याचं भोळेपण खपून गेलं. मग लग्न झालं. बायको रोहिणी जर्मनीत नर्स, म्हणून हाही तिकडे गेला. तिथे दुकानात फारसं कुणी जात नाही. मोबाइलवर बोट ठेवलं की दुकानच दारात येतं.

पहिल्याच आठवड्यात एक माणूस खोकं घेऊन आला.

रंगनाथ म्हणाला, "निम्म्यात देतोस का?"

त्याला मराठी येईना, याला जर्मन. मग रंगनाथ बाजारातल्यासारखा तोंड फिरवून आत निघाला. आता हा मागून हाक मारणार! माणूस थोडा थांबला आणि खोकं घेऊन गेला.

"अहो, पैसे आधीच दिलेले असतात," रोहिणी म्हणाली. "दारात कुणी आलं की सही करायची आणि सामान मुकाट्यानं घ्यायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त करणारा आला. रंगनाथनं त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी घेतली, त्याच्या तळहातावर सही ठोकली आणि दार लावून घेतलं. नळ गळतच राहिला.

रोहिणीनं कपाळावर हात मारला. "जे मागवलं नाही, आवडलं नाही, मापाचं नाही, ते परत द्यायचं हो! चौदा दिवसांची मुदत असते. कुणी कारणही विचारत नाही."

"बरं."

शेजारच्या आजीबाईंनी केक दिला. रंगनाथनं अर्धा खाल्ला. फार गोड होता. उरलेला अर्धा त्यानं परत नेऊन दिला. आजीबाईंचा चेहरा उतरला, पण हा काही बोलला नाही. कारण सांगायचं नसतं ना!

रोहिणीला सातवा महिना होता. ती रडकुंडीला आली. "प्रेमानं दिलेलं कुणी परत करतं का? सही करून घेतलेलं, वर नावाचं लेबल असलेलं, तेवढंच परत करायचं. आणि लेबल तोडायचं नाही!"

"बरं."

यथावकाश मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना रंगनाथनं कागदावर सही केली. बाळाच्या मनगटाला नावाची पट्टी होती. ती त्यानं कुणाला कापू दिली नाही.

परमुलखात का होईना, बाराव्या दिवशी लेकीचं बारसं व्हायलाच हवं, हा रोहिणीचा एकच हट्ट होता. त्यासाठी तिची आई गावाहून आली. येताना स्वतः शिवलेली कुंची घेऊन आली. बारशाच्या सकाळी ती बाळाला घातली, तर आत बाळ दिसेचना.

"माप चुकलं गं," आई हिरमुसून म्हणाली.

रंगनाथनं बोटांवर दिवस मोजले. अजून दोन दिवस होते.

पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. पण बाळ कुठे? बाळ नाही आणि रंगनाथही नाही. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. ती टॅक्सी करून तशीच धावली.

दवाखान्यात चौकशीच्या खिडकीपाशी, आतल्या बाईंसमोर रंगनाथ उभा होता. हातांत बाळ, काखेत कुंची. मनगटावरची पट्टी शाबूत.

"अहो, पोटच्या पोरीला परत द्यायला आलात?" रोहिणीला हुंदका फुटला.

"छे छे! परत कशाला देईन?" रंगनाथ दुखावला. "जीव जडलाय माझा. पण आईंनी एवढ्या हौसेनं कुंची शिवलीय. म्हणून या बाईंना केव्हाचा म्हणतोय, हुबेहूब अशीच पोरगी द्या, फक्त एक नंबर मोठी!"