नाव न ठेवलेला गोऱ्हा

एकदा काय झालं, एका माळावर एक म्हातारी होती. तिचं नाव ठकूबाई. तिच्या पायाला भिंगरी होती. खरीखुरी नाही गं चिंगे, पाय आत घे आधी. भिंगरी म्हणजे तिला बसवतच नसे. जेवायची ती उभ्यानं, चहा प्यायची तो चालता चालता. सून धुरपदा म्हणायची, "आत्याबाई, टेका की जरा." तर म्हातारी म्हणायची, "सरणावर टेकायचंच आहे," आणि निघाली बांधाकडे.

ती लग्न होऊन आली तेव्हा त्या माळावर काही म्हणजे काही नव्हतं. दगड आणि कुसळं. माहेरनं तिला एक कालवड आंदण दिली होती, कवडी नावाची. मग नवरा-बायकोनं दगड वेचले, विहीर खणली, ज्वारी पेरली. कवडीला वासरू झालं, मग त्या वासराला वासरू झालं, आणि बघता बघता पन्नास जनावरं झाली.

आता त्या घरची एक रीत होती, बरं का. वासरू जन्मलं की त्याच दिवशी नाव ठेवायचं, आणि त्या दिवशी घरात जे घडलं असेल त्यावरून ठेवायचं. वाऱ्यानं छप्पर उडालं त्या दिवशीची वादळी. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीची झरी. ठकूबाई नवऱ्याशी भांडली आणि दोन दिवस बोलली नाही, तेव्हाची रुसवी. रोज तिन्हीसांजेला ती कवाडाशी उभी राहायची आणि हाका मारायची, "वादळीची झरी, झरीची रुसवी, रुसवीची हसरी, या गं." ज्याला हाक, ते आत. हाक नाही तर पाय हलवायचं नाही, अशी सवयच लागली होती गुरांना. म्हातारीची सगळी हयात अशी रोज संध्याकाळी एकेक करून गोठ्यात यायची.

पण एक गोऱ्हा होता, त्याला नावच नव्हतं.

बारा वर्षांमागं ठकूबाईचा नवरा गेला, त्याच दिवशी तो जन्मला. शेजारणी म्हणाल्या, "नाव ठेव गं." ठकूबाईच्या तोंडी एकच नाव आलं, नवऱ्याचं. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. घ्यायचंच तर उखाण्यात, चारचौघींत, हसत हसत. आणि त्या दिवशी कसला उखाणा आलाय? तिनं ते नाव गिळलं.

आणि नवल असं की गोऱ्हा वाढेचना. बारा वर्षं झाली तरी आपला एवढासा. ना शिंगं, ना वशिंड. सगळी गुरं आत गेली की हा बाहेर उभा. मग ठकूबाई जायची आणि त्याला पोटाशी धरून उचलून आणायची. दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. दिवसभर तिच्या मागं मागं. ती जरा कुठं टेकली की समोर येऊन उभा राहायचा आणि तिच्या तोंडाकडं बघायचा. आता कळलं, ती का बसत नव्हती?

मग एका वर्षी म्हातारीचे हात थकले. गोऱ्हा तिला काही केल्या उचलवेना. आणि त्याच साली डोंगरावरनं लांडगे उतरले. म्हातारीला वाटलं, आपण आज आहोत, उद्या नाही, मग ह्याला आत कोण घेणार? ती गोठ्यातून कवाडाशी आणि कवाडातून गोठ्यात नुसत्या येरझाऱ्या घालू लागली.

पहिल्या दिवशी धुरपदेनं गूळ पुढं केला आणि म्हणाली, "ये रे ढवळ्या." गोऱ्ह्यानं गूळ खाल्ला, जीभ फिरवली आणि तिथंच उभा राहिला. ती रात्र म्हातारीनं काठी घेऊन त्याच्यापाशी बाहेरच काढली.

दुसऱ्या दिवशी मुलगा, रंगनाथ, दावं घेऊन आला. चार गडी ओढताहेत, आणि एवढासा गोऱ्हा तसूभर हलेना. दावं तुटलं, चौघं शेणात पडले. हसू नका, लागलं त्यांना. त्याही रात्री म्हातारी बाहेरच राखण करत उभी.

तिसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः कवाडाशी आली. म्हणाली, "ये रे दुखऱ्या." गोऱ्ह्यानं पाठ फिरवली. खोटं नाव त्याला बरोबर कळलं. आणि तेवढ्यात टेकाडावर लांडगा ओरडला.

धुरपदा म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी तुमच्या तोंडी काय आलं होतं, खरं सांगा."

"काय यायचं? तुझ्या सासऱ्यांचं नाव."

"मग घ्या की."

"कपाळ पांढरं झाल्यावर उखाणा घेऊ? लोक तोंडात शेण घालतील."

"लोक कुठायत इथं? मी आहे आणि गुरं आहेत. आणि लांडगा आहे."

 म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला, नवी नवरी करते तसा. बारा वर्षं गिळलेलं ते नाव वर येताना तिला रडू फुटलं. तरी ती बोललीच:

"माहेरच्या कवडीनं भरलं माझं अंगण-दार,
येसाजीरावांचं नाव घेते, उतरला बारा वर्षांचा भार."

गोऱ्ह्यानं कान टवकारले. कवाडापासून दावणीपर्यंत बारा पावलं होती. त्यानं एक पाऊल टाकलं आणि एक वर्षाचा झाला. दुसरं टाकलं, शिंगं फुटली. तिसरं टाकलं, वशिंड आलं. मग बाराव्या पावलाला दावणीशी उभा राहिला तो हा थोरला वळू. त्यानं नुसती मान वळवून बघितलं, तर लांडगा टेकाडापलीकडं पळाला.

आणि ठकूबाई बसली. कवाडाजवळच्या दगडावर बसली आणि तिथं बसूनच चहा प्याली. धुरपदा बघतच राहिली.

मग पुढं कितीतरी वर्षं म्हातारी त्या दगडावर बसून धुरपदेला हाका शिकवायची, कोण कुणाची लेक आणि त्या दिवशी काय झालं होतं ते. मग एका श्रावणात ती गेली, अगदी शांतपणे. त्याच दिवशी गोठ्यात एक कालवड जन्मली.

बायका म्हणाल्या, "धुरपदे, सासूचं नाव घेऊ नये हो." धुरपदेनं ऐकून घेतलं. मग तिन्हीसांजेला ती कवाडाशी उभी राहिली, डोळे पुसले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ठकू, ये गं आत."

आणि ती एका दिवसाची कालवड लटपटत लटपटत आत आली. पुढं चांगली वाढली, तिची वासरं झाली, आणि त्या घरात सगळी सुखानं नांदली.

चला, गुरं आत आली, कवाड लागलं. आता चिंगी, ये. गोपाळ, ये. सुमन, तूसुद्धा. आली सगळी? मग झोपा.