पिल्लाचा दोरा तुटला

एक होती परात. परातीत पावाचं पीठ. पिठात यीस्टचा दाणा. दाण्याच्या पोटात राहायची एवढुश्शी टिंगी.

दाण्याला पिल्लू फुटत होतं. पोटात दोरे होते दोन, जुळे जुळे. एक आई-दाण्याचा, एक पिल्लाचा. टिंगी त्यांची राखण करायची.

टच्!
पिल्लाचा दोरा तुटला.

टिंगी धावली. दोऱ्याशिवाय पिल्लू जगणार कसं? "थांब हं पिल्ला. इतक्यात आईपासून सुटू नकोस."

तुरुतुरु तुरुतुरु, टिंगी गेली जोडकाकूकडे.
"काकू, काकू, दोरा जोड. तू जोडशील, मग पिल्लाला दोरा मिळेल."
"मी नाही जोडणार. मधला तुकडा गळालाय. आधी भरमामाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.
"मामा, मामा, तुकडा भर. तू भरशील, मग काकू जोडेल. काकू जोडेल, मग पिल्लाला दोरा मिळेल."
"मी नाही भरणार. न बघता काय भरू? आधी शोधमावशीला सांग, जुळा दोरा शोध म्हणावं. त्याच्यासारखाच भरेन."

"टिंगी, झालं का?" पिल्लू विचारतंय.
"नाही रे. थांब."

तुरुतुरु तुरुतुरु.
"मावशी, मावशी, जुळा शोध. तू शोधशील, मग मामा भरेल. मामा भरेल, मग काकू जोडेल. काकू जोडेल, मग पिल्लाला दोरा मिळेल."
"मी नाही शोधणार. टोकं बघ कशी पिंजलीत. आधी कातरआत्याला सांग."

"टिंगी, मी सुटू का?"
"नको रे, नको. थांब."

तुरुतुरु तुरुतुरु.
"आत्या, आत्या, टोकं कातर. तू कातरशील, मग मावशी शोधेल. मावशी शोधेल, मग मामा भरेल. मामा भरेल, मग काकू जोडेल. काकू जोडेल, मग पिल्लाला दोरा मिळेल."
"मी नाही कातरणार. टोकं हलताहेत. आधी कुणीतरी धरा."

टिंगीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणीच उरलं नव्हतं.
"मी धरते," टिंगी म्हणाली.

एका हातात हे टोक, एका हातात ते टोक. घट्ट, घट्ट.

आत्यानं कातरलं. कच् कच्. दोरा आणखीच आखूड झाला! टिंगीला रडू आलं. पण तिनं टोकं सोडली नाहीत.

मावशीनं शोधलं. सर्र सर्र. जुळा सापडला.
मामानं जुळ्याकडे बघून बघून भरलं. टप् टप् टप्.
काकूनं जोडलं. चट्ट.

टिंगीच्या मुठी काही सुटेनात.
"सोड गं आता," काकू म्हणाली.
टिंगीनं एक बोट सोडलं. मग दुसरं. मग सगळी.
दोरा तुटला नाही.

"जा रे पिल्ला," टिंगी म्हणाली.
टुप्प!

पिठात आता दाणे झाले दोन. आणि धाकट्याच्या पोटात अख्खा दोरा.