गोजराची ओवाळणी

"चोर कोतवालाला भ्यायला हवा, पण लेकरू त्याच्याकडे हसत गेलं पाहिजे! दिवे लागायच्या आत करून दाखव. नाही जमलं, तर बांगड्यांची पेटी उचल आणि राज्य सोड!"

राजा मकरंदसेनाने गोजरा कासारणीला असा पेच घातला, कारण तिने दरबारात तक्रार आणली होती. आदल्या दिवशी बाजारात तिची चार वर्षांची ठकी हरवली. शिपाई हाका मारत फिरले, तर त्यांनाच भिऊन पोर दुपारभर कणगीमागे दडून बसली!

"पोरीला आमची भीती घातली कुणी?" कोतवाल झुंजाररावांनी मिशी पिळली होती.

"मीच," गोजरा ओशाळली. "जेवतच नाही हो! 'कोतवाल येईल' म्हटलं की चार घास जातात. शहाण्या आया काय म्हणतात, देव जाणे! पण तुमची काठी सदा उगारलेली नसती, तर माझी थाप चालली असती का?"

आता गोजराने घरून तबक आणलं, निरांजन लावलं आणि थेट कोतवालांची चावडी गाठली.

"दादा, पाटावर बसा. ओवाळायचंय!"

"अगं, भाऊबीज लांब आहे!"

"भाऊ गरजेला लागतो, तिथीला नव्हे!"

ओवाळून झाल्यावर कोतवालांनी कनवटीला हात घातला.

"पैसा नको, दादा. गरिबाची तक्रार ऐकायची, उगाच काठी उगारायची नाही, आणि चुकलात तर बहिणीला जाब द्यायचा. घाला ओवाळणी!"

पेटत्या निरांजनापुढे भाऊ नाही कसं म्हणणार? "घातली!" म्हणून मान वर करतात, तर गावातल्या साऱ्या बाया तबकं घेऊन रांगेत!

दिवेलागणीला राजा आला. ठकी कोतवालांच्या मांडीवर दहीभात खात होती. नववा घास चालला होता! गोजराला जरा रागच आला.

"लेकराचं जमलं," राजा म्हणाला, "पण चोर?"

"चोर कुठे दडतात हे बायांना आधीच ठाऊक होतं, महाराज. चावडीची पायरी चढायची छाती नव्हती. आज ओवाळता ओवाळता भावाच्या कानात सांगितलं. तिघे कोठडीत आहेत, चौथा वेशीबाहेर पळालाय!"

"एवढ्या कडक माणसावर जादू तरी काय केलीस?"

"जादू कसली? भर चावडीत कोतवालांना मामा बनवलं!"

राजा पोट धरून हसला. क्षणभराने कोतवालही हसले.

"एक दिवस मलाही बनवशील!" राजा म्हणाला.

"तबक तयारच आहे, महाराज!" गोजराने ते पुढे धरलं.

आणि हसत हसत राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा त्यात टाकला.